निर्जळी

वाळूच्या पिंडीवर पत्री वाहून झाली, तरी गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच पडलेली माईंना दिसली.

“मुक्ता, सकाळची गोळी घेतली नाहीस?”

“आज नको ना आजी,” नात म्हणाली. “माझी पहिलीच हरतालिका, निर्जळी करायचीय. एका दिवसानं काय होतंय?”

माईंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं, कारण ते त्यांचंच होतं. चौदा वर्षांपूर्वी, याच फळीपाशी, सुनेला, मुक्ताच्या आईला, गोळ्यांची पट्टी परत ठेवायला लावताना त्या अगदी हेच बोलल्या होत्या. सून मुकाट्यानं पिंडीसाठी वाळू आणायला नदीवर गेली आणि तिथंच तिला फिट आली. सकाळपासून घशाखाली थेंब गेला नव्हता, ती घोटाभर पाण्यात पालथी सापडली. गाव म्हणालं, नशीब. माईंनीही मान डोलावली.

मुक्ताला फिट येत नव्हत्या, तिचं दुखणं मनाचं. पण फिटवरची गोळी मनाच्या दुखण्यावरही चालते; डॉक्टरांनी तिला लिहून दिली होती ती आईचीच गोळी.

“राहू द्या हो माई, पोरीची हौस आहे,” पूजेला जमलेल्या बायकांतली शेजारीण म्हणाली.

माई उठल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. पन्नास हरतालिका निर्जळी काढलेल्या माई सगळ्या बायकांदेखत आधी स्वतः घटाघटा पाणी प्यायल्या. मग त्यांनी नातीपुढे गोळी धरली.

“घे. तुझ्या आईला मी घेऊ दिली नव्हती.”