गुरुवारचं टेबल

बाकावर बसण्याआधी गुरुदत्तांनी टेबलावर मुठीने हलकेच दोनदा टकटक केलं.

टेबल चांगलं बारा माणसांचं होतं. पलीकडच्या टोकाला पांढऱ्या केसांची एक बाई एकटीच बसली होती. तिने मान वर केली, आणि तिनेही लाकडावर दोनदा टकटक केलं.

"बाबा, हे काय होतं?" प्रीताने विचारलं.

"नमस्कार. सगळ्या टेबलाला एकदम. प्रत्येकाशी हात मिळवत बसायला नको."

त्यांना इथे आणलं होतं प्रीतानेच. टेक्सासमधल्या शुगर लँडहून ते आठवडाभरासाठी तिच्याकडे शिकागोला आले होते. रविवारी दुपारी डेव्हन ॲव्हेन्यूवरून भाजी घेऊन परतताना तिने या जर्मन बिअर हॉलसमोर गाडी उभी केली. ऑक्टोबरात ती म्युनिक, साल्झबुर्ग आणि व्हिएन्नाला चालली होती. तिथले जुने बिअर हॉल बघायची यादी तयार होती. बाबांनी सोबत यावं म्हणून ती महिनाभर मागे लागली होती आणि ते गुडघेदुखीचं कारण पुढे करत होते. त्यांच्या जर्मनीतल्या दिवसांबद्दल तिला एकच वाक्य माहीत होतं: दीड वर्ष तिथे ट्रेनिंग केलं, मग इकडे आलो.

"सॅम्पल म्हणून बघा," ती गाडीतून उतरताना म्हणाली होती. "नाही आवडलं तर ट्रिपचा विषय मी ड्रॉप करते."

वेट्रेस आली. गुरुदत्तांनी मेनू उघडलाच नाही. ते जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. ती गोंधळली; तिला जर्मन येत नव्हतं. तेव्हा पलीकडची बाई मोठ्याने हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "त्यांना काळी बिअर दे. छोटी. आणि फार थंड नको."

प्रीता बघतच राहिली. घरच्या पार्ट्यांमध्ये तिने बाबांना कायम कोकचा ग्लास धरून कडेला उभं राहिलेलं पाहिलं होतं.

बाई आपला मग उचलून बाकावरून सरकत त्यांच्याजवळ आली. तिचं नाव इर्मगार्ट. म्युनिकजवळच्या खेड्यातली, चाळीस वर्षं शिकागोत. पाच मिनिटांत दोघांचं जर्मनमध्ये असं काही जमलं की प्रीताकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. बाबांचा आवाज वेगळाच लागला होता, खालून, घोगरा. ते हातवारे करत होते. एकदा त्यांनी टेबलावर थाप मारली आणि इर्मगार्टच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. आपले बाबा विनोदी आहेत हे प्रीताला बेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"काय म्हणतायत ते?" तिने इंग्रजीत विचारलं.

"काय म्हणतात ते सोड, कसं म्हणतात ते ऐक," इर्मगार्ट म्हणाली. "अगदी माझ्या आजोबांसारखं बोलतात तुझे वडील. हे शब्द आता आमच्या गावातसुद्धा कोणी वापरत नाही. पुस्तकातून नाही शिकलेले."

प्रीताने बाबांकडे पाहिलं. "मग कुठे शिकलात?"

गुरुदत्तांनी ओठावरचा फेस पुसला.

"म्युनिकमधल्या माझ्या खोलीत हीटर नव्हता. बिअर हॉल गरम असायचा. एक छोटी बिअर घेतली की चार तास कोणी उठवायचं नाही. एका टेबलावर दर गुरुवारी तेच म्हातारे पत्ते खेळायला बसायचे. एकदा त्यांना चौथा भिडू कमी पडला. त्यांनी मला बोलावलं."

"मग?"

"मग दर गुरुवारी. सेप, लुडविग, शोर्श. पत्ते शिकवले, शिव्या शिकवल्या. चुकीचं पान टाकलं की टेबल दणाणायचं."

"हे आम्हाला कधीच का नाही सांगितलंत?"

त्यांनी ग्लास बाजूला सरकवला.

"एका गुरुवारी मी पंचवीस वर्षांचा होणार होतो. लुडविगची बायको केक करणार होती. मी अंडं खात नव्हतो, म्हणून बिनअंड्याचा. दोनदा फसला होता, तरी तिसऱ्यांदा करणार होती. आणि त्या सोमवारी अमेरिकेचा व्हिसा आला. बुधवारचं विमान मिळालं. मी निघालो."

"त्यांना न सांगता?"

"वेळ होता सांगायला. दोन दिवस होते. मला वाटलं, गेलो तर ते म्हणतील, एक दिवस थांब. आणि मी थांबेन."

"पत्र तरी..."

"हॉलच्या पत्त्यावर लिहिता आलं असतं. आधी नोकरी शोधत होतो. मग वर्ष झालं. मग लाज वाटायला लागली."

इर्मगार्टला मराठी कळत नव्हतं, पण ती हसायची थांबली होती. प्रीताने बाबांच्या मनगटावर हात ठेवला.

"ते लोक आता नसतील, बाबा."

"नसतीलच. तेव्हाच सगळे साठीचे होते."

"मग ऑक्टोबरात गुडघ्यांचं काय करायचं?"

त्यांनी वळून इर्मगार्टला जर्मनमध्ये हळूच काहीतरी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज परीक्षेला बसलेल्या मुलासारखा होता. तिने विचार केला, मान डोलावली आणि एक छोटं वाक्य सावकाश म्हणून दाखवलं. ते तिच्यामागून म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले.

"काय विचारलंत?" प्रीता म्हणाली.

"उशीर झाल्याबद्दल माफी मागायला अजून तेच शब्द चालतात का, ते विचारलं."