पलीकडचा पत्ता

सकाळपासून बंद पडलेलं गोदामाचं नेटवर्क नव्या मुलीने बारा मिनिटांत सुरू केलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानेही वाजवल्या. त्याआधी दोन तास तोच तिथे डोकं आपटत होता.

ऑफिसात सगळे त्याला दादा म्हणत. अठरा वर्षांची नोकरी. विभागप्रमुखाची खुर्ची या महिन्यात रिकामी होणार होती आणि ती आपलीच, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. आता मॅनेजर मॅडम येता-जाता त्या कालच्या पोरीचं कौतुक करत होत्या आणि दादाच्या पोटात दुखत होतं.

"नशीब जोरावर आहे तिचं," संध्याकाळी चहा पिताना तो बायकोला म्हणाला. "यातलं ओ की ठो कळत नसणार."

"मग दुरुस्त कसं झालं?"

"तुला नाही कळायचं. तुमच्या वेळचं आता काही राहिलं नाही."

लग्नाआधीपासून तीही याच कामात होती. मूल झाल्यावर दादानेच तिला नोकरी सोडायला लावली होती. ती कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी एक बिघाड अर्धाच सोडून मुलगी जेवायला गेली, तसा दादा तिच्या खुर्चीत बसला. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत त्याने नेटस्टॅट टाइप केलं. उघड्या जोडण्यांची यादी सरसर उतरली. सगळे आकडी पत्ते ऑफिसचे. एक तेवढा बाहेरचा.

त्याने त्या पत्त्यावर ट्रेसराउट चालवलं. वाटेतला एकेक थांबा ओळीने उमटत गेला. वाट ऑफिसातून निघाली आणि याच शहरातल्या कुठल्याशा घरगुती इंटरनेटवर जाऊन संपली.

आठवडाभर त्याने पाळत ठेवली. बिघाड आला की मिनिटाभरात ती जोडणी उघडायची. बिघाड निघाला की बंद. दादाचा जीव भांड्यात पडला. पोरगी दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारत होती तर!

सगळं कागदावर छापून तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला. मॅडमनी मुलीला बोलावलं.

"हो, मी बाहेर विचारते," मुलगी म्हणाली. "माझ्या बाई आहेत. ऑनलाइन शिकवतात. अडलं की त्यांना स्क्रीन दाखवते."

"कंपनीचं नेटवर्क परक्याला दाखवते ही!" दादा कडाडला. "उद्या कुणी आत घुसलं म्हणजे? मॅडम, हिला काढाच, पण त्या बाईलाही सोडू नका."

"कुठे नोकरीला आहेत त्या?" मॅडमनी विचारलं.

"कुठेच नाहीत. पण त्यांच्याइतकं कुणाला येत नाही, मॅडम."

"पत्ता आपल्यातल्याच कुणाचा आहे का, बघते आधी."

मॅडमनी रात्री-अपरात्री घरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या इंटरनेट पत्त्यांची यादी उघडली. कागदावरचे आकडे जुळवत बोट खाली नेलं. बोट थांबलं. त्यांनी आकडे पुन्हा एकदा वाचले.

"दादा," त्या म्हणाल्या, "हे तर तुमचं घर."