धावेवरची विमानं

बैल विहिरीपासून उतरत जाणाऱ्या मोटेच्या धावेवर निम्म्यात आले होते, तेव्हा आभाळ घरघरलं. बैल हाकता हाकता म्हाळसानं वर पाहिलं. तीन विमानं शेजारी शेजारी येत होती. पंखाला पंख दोरीनं बांधलेले, दोरीवर रंगीत फडकी.

पुण्याला लष्कराच्या विमानांचे खेळ व्हायचे होते. त्यांची तालीम कळंबच्या माळावर होणार, हे गावाला कुणी कळवलं नव्हतं.

बैल ओढत होते त्या जाड नाड्याच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीत, तिचा नवरा सिद्धू होता. गाळ काढून तो नाड्याच्या फासात बसून वर येत होता. बैल पुढं उधळले तर त्याचं डोकं विहिरीवरच्या चाकावर आपटणार. मागं सरले तर तो तळच्या खडकावर जाणार. तो किती वर आला ते सांगायला सासरा, गेणबा, काठावर उभा होता.

विमानांनी एकदम नाक खाली केलं. उजवीकडचा बैल फुरफुरला, त्याचे पुढचे पाय सुटले. म्हाळसानं बैलांपुढं धाव घेतली आणि दोन्ही वेसणी मुठीत आवळल्या.

"हो राजा, हो."

एकाच्या डोळ्यांवर तिनं पदर टाकला, दुसऱ्याचं कपाळ छातीशी दाबलं. आवाज अंगावरून गेला. धुळीनं काही दिसेना.

"मामंजी, किती ऱ्हायलं?"

धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, गेणबा दोन्ही हात डोक्यावर घेऊन पालथा पडला होता.

वर विमानं उलटी झाली होती, चाकं आभाळाकडं. आता ती परत खाली येणार, आणि दुसऱ्या खेपेला बैल धरवायचे नाहीत.

म्हाळसा मागं मागं चालू लागली, बैलांना ओढत, एकेक पाऊल. किती पावलं? रोज पाणी थारोळ्यात पडल्याच्या आवाजावर ती बैल थांबवायची. माणूस वर आल्याचा आवाज कसला असतो?

"अवं, बोला कायतरी! बोलत ऱ्हावा!"

घरघरीत तिला तिचाच आवाज ऐकू येईना. आणखी एक पाऊल. आणखी एक. पुढचं टाकायला तिनं पाय उचलला, तेवढ्यात घरघर जरा लांब गेली.

"थांब! थांब, म्हाळसे! डोस्क्याला चाक लागलं!"

तिनं पाय होता तिथंच टेकवला. बैलही थांबले.

सिद्धू खांबाला धरून काठावर आला, गाळानं माखलेला. त्यानं बापाला उठवून बसवलं आणि तो धावेवरून खाली उतरला. विमानं एका ओळीत कोलांटी घेऊन पुण्याकडं वळत होती. मधली एकही दोरी तुटली नव्हती. सिद्धू बघतच राहिला.

"काय देखणं हाय गं! वर बघ की."

म्हाळसानं मान वर केली नाही.

"आदी माजी बोटं सोडवा," ती म्हणाली. "मला सुटंनात."