शेवटची ओळ

साखरेनं आम्हा दोघी जावांच्या डोळ्यांचे पडदे बिघडवले. कोणता लेसर बरा हे डॉक्टरांना पडताळून बघायचं होतं, म्हणून आधी एकाच डोळ्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. धाकटीला नवा निघाला, अजिबात न दुखणारा. मला जुना, प्रत्येक ठिणगीला सुई टोचणारा. "मला काही कळलंसुद्धा नाही हो, जाऊबाई!" ती म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तपासणीच्या दिवशी खोली रिकामी दिसताच मी अक्षरांच्या तक्त्याला नाक लावून शेवटची ओळ पाठ केली. धाकटी तिसऱ्या ओळीवर अडली. मी शेवटची घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर खूश झाले. "तुम्हाला जुन्याचाच गुण आला. दुसऱ्या डोळ्यालाही तोच करू." म्हणजे पुन्हा त्याच सुया! "नशीब काढलंत, जाऊबाई," धाकटी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती माझ्यावर जळत होती, आणि मला तिचा चेहराच नीट दिसत नव्हता.