शेऱ्याचा रकाना

नीलकंठ. एक. विजेच्या तारेवर.

गुलाबी नखं.

राखेत दाबलेली पिसं.

धाविक पक्षी दिसला तर लगेच फोन करणे.

विझलेली शेगडी, अंगणात.

नऊ दिवसांचं बाळ.

दुपारी बारा वाजता प्रशांतकुमार खजुरी गावातल्या सावित्रीबाईच्या ओट्यावर टेकला. तो कॉलेजातून पक्षी मोजायला आला होता. हातात छापील यादी होती: या माळरानात कोणते पक्षी दिसू शकतात, त्यांची नावं. नावापुढे आकड्याचा रकाना, त्यापुढे शेऱ्याचा. सकाळी सहापासून सावित्रीबाईचा मुलगा अमरदीप त्याला रानं दाखवत हिंडत होता.

"किती घावले?" पाण्याचा तांब्या पुढे करत सावित्रीबाईनं विचारलं.

"बावीस, मावशी."

"सकाळधरनं बावीसच? माझ्या कोंबड्या धरल्या का त्येच्यात?"

"आई, सरांना कोंबड्या चालत न्हाईत," अमरदीप म्हणाला. "फुकट हिंडणारेच लागतेत."

"मग तुझं नाव लिहा म्हणावं."

प्रशांतकुमार हसला. त्याला काही तरी दाखवायचं होतं. त्यानं कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. काळ्या मातीत, गवताच्या काडीला लागून, बसका तपकिरी पक्षी.

"शिवशंकरअप्पाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात. लावा एवढ्या जवळून दिसत न्हाई, मावशी. पाय पडायच्या आत भुर्रकन उडतोय. ह्यो माझ्या बुटापाशी बसून हुता. हललाच न्हाई."

"त्यात काय मोठं? म्या तर पहाटं हातानं उचलले. तीन."

"हातानं?"

"व्हय की. गवताला गेल्ते त्याच धुऱ्यावर. पळायलेच नव्हते. पदरात घातले अन् आणले." तिनं चुलीवरच्या झाकलेल्या भगोन्याकडे हनुवटी उडवली. "माझ्या लेकीला, राजश्रीला दूध उतरंना झालंय. लेकरू रात्रंदिवस रडायलंय. लाव्याच्या रश्श्यानं उतरतंय बघा. ह्यो अमऱ्या झाला तवा माझ्या आईनं मला हेच घातलं. म्हणून तर असा बैलावानी झालाय."

अमरदीपनं झटकन मान वर केली.

"कोणत्या धुऱ्यावर म्हणालीस?"

प्रशांतकुमारनं पडद्यावर दोन बोटं फाकवली. पक्षी मोठा झाला. डोळा अर्धा मिटलेला होता. एक पंख मातीला टेकला होता. सकाळी हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"चोचीला हे गुलाबी काय हाय?" तो म्हणाला.

अमरदीपनं वाकून पाहिलं. मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

शिवशंकरअप्पाच्या ज्वारीच्या बियाला काल त्यानंच औषध चोळलं होतं. डुकरं पेरलेलं बी उकरून खातात, म्हणून अप्पानं मापाच्या तिप्पट घालायला लावलं होतं. औषधाचा रंग गुलाबी. ते बी कुणी चुकून दळून खाऊ नये म्हणून रंग घालतात. संध्याकाळी घरी निघताना त्यानं पोत्यातलं उरलेलं बी धुऱ्यावर झटकलं होतं. पोतं रिकामं हवं होतं.

टिटवी. दोन. ओरडत.

अमरदीप दोन ढांगांत चुलीपाशी पोचला आणि लाथेनं भगोनं उलथवलं.

"येड लागलं का रं तुला? बाळंतिणीचं हाय त्ये!"

रस्सा मातीत मुरू लागला. शेजारचं कुत्रं धावत आलं. अमरदीपनं चुलीतलं जळतं लाकूड त्याच्या अंगावर फेकलं. कुत्रं केकाटत पळालं.

"औषधाचं बी खाल्लंय त्येंनी, आई. म्या लावलेलं."

तांब्या अजून सावित्रीबाईच्या हातातच होता.

प्रशांतकुमारनं श्वास सोडला. "वेळेवर कळलं, मावशी. वाचलं बघा सगळं."

अमरदीप मातीत उकिडवा बसला होता. काडीनं तुकडे बाजूला करत होता. मान. छाती. पाठ. तंगडी. तंगड्या त्यानं एका बाजूला मांडल्या. मग सगळं पुन्हा चाळलं. चुलीच्या आत पाहिलं. भगोनं सुलटं करून पाहिलं.

"आई, तीन लावे आणलेस ना?"

"व्हय."

"तंगड्या चारच हायत."

सावित्रीबाई दाराकडे पाहत होती. दाराला जुन्या लुगड्याचा आडपडदा होता. घरात कुणी घास घ्यायच्या आधी बाळंतिणीला पहिली वाटी. तिच्या घरात ही रीत होती, तिच्या आईच्या घरातही.

आडपडद्याआडून राजश्रीची हाक आली.

"आई, अजून एक वाटी दे की गं. आज चांगलं ओढायलंय बघ लेकरू."

अमरदीप काडी टाकून उठला.

"अन् ती शेगडी बाहीर ने की. लई घाम सुटायलाय."

शेगडी बाहेरच होती. पहाटेपासून.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी यादीत लाव्यापुढे आकडा पडला: एक. शेऱ्याच्या रकान्यात प्रशांतकुमारनं लिहिलं: माणसाला मुळीच घाबरत नाही.