पुन्हा पुन्हा तेच मिनिट

संख्याशास्त्राच्या तरुण सरांना विद्यापीठाच्या नव्या ॲपचं भारी कौतुक. तासाच्या व्हिडिओत कोण कुठे मागे जाऊन पुन्हा ऐकतं, हे त्यात दिसायचं. ते पाहून विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाची दिशा आपणच ठरवायची. पन्नाशीत शिकायला आलेल्या आणि वर्गात सगळ्यांच्याच 'काकू' झालेल्या विद्यार्थिनीला त्यांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी मुद्दाम आपल्या खोलीत बोलावलं.

"हे बघा काकू, तुमची गाडी या एकाच मिनिटावर अडलीय. नेमकं काय कळत नाही, ते आता तुम्हीच शोधायचं," असं म्हणत त्यांनी ते मिनिट लावलं.

आधी काकूंचा आवाज आला. "सर, एखादाच आकडा बाकीच्यांहून अगदी वेगळा आला, तर तो धरायचा की वगळायचा?"

मग सरांचा. "काकू, या वयात इतक्या खोलात शिरू नका, दम लागेल!"

पाठोपाठ अख्खा वर्ग खो-खो हसला. सरांचे कान तापले. त्यांनी घाईघाईने व्हिडिओ बंद केला.

"फार मनाला लागलं का हो तुमच्या?"

"छे हो सर, पोरं हसायचीच. पण त्या हसण्यात तुमचं उत्तर बुडालंय आणि उद्या तर पेपर आहे. कानांत प्राण आणून ऐकते, तरी सापडत नाही."



त्या दिवशी सरांनी उत्तर दिलंच नव्हतं.