आपली माणसं

मी स्टाफरूममध्ये शिरलो की बालाजी सर मोबाईल पालथा घालायचे. कुठलंसं नवं क्रिप्टो कॉईन म्हणे, ते "फक्त आपल्या माणसांत" ठेवायचं होतं. सर, साडू, मेहुणा, व्याही, सगळ्यांनी ते घेतलं, तेही खिशातला एक रुपया आणि ॲपवाल्या कंपनीकडून उसने वीस घालून. सर गणित शिकवतात, बरं का. पूर्णेच्या आमच्या शाळेत बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतो, पण मी काही त्यांच्या माणसांत मोडत नाही.

काल भाव जरासा घसरला आणि आपले उसने पैसे बुडू नयेत म्हणून कंपनीनं साडूचे कॉईन त्याला न विचारताच विकून टाकले. त्या विक्रीनं भाव आणखी पडला, मग मेहुण्याचे विकले गेले, मग व्याह्याचे. घेणार कोण? बाहेरच्या कुणाला सांगितलंच नव्हतं!

आता पाळी सरांची होती. तेवढ्यात मला त्यांचा फोन आला, बारा वर्षांत पहिल्यांदा.



"सिद्धोधन सर, थोडे कॉईन घेता का? तेवढाच भाव थांबल. परकं कोण हाय, तुमी तर आपलंच माणूस की!"